हिरवळीवरील चिंच बग : ओळख, तपासणी आणि बंदोबस्त

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर घरासमोरच्या हिरवळीत, बहुधा फुटपाथच्या किंवा ड्राइव्हवेच्या कडेला, हातभर रुंदीचा पिवळसर डाग दिसू लागतो. पाणी कमी पडत असावे असे समजून घरमालक स्प्रिंकलरची वेळ वाढवतो. आठवड्याभरात डाग ओसरत तर नाहीच, उलट पसरतो. मधला भाग वाळक्या पेंढ्यासारखा तपकिरी होतो आणि भोवतालची पिवळी कड रोज थोडी पुढे सरकत राहते. उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच स्वतःची हिरवळ सांभाळणाऱ्या अनेकांची चिंच बगशी ओळख अशी उशिरा, नुकसान झाल्यावर होते. ही कीड वेळेत सापडली तर तिला आवर घालणे अवघड नाही, परंतु ती सापडण्यासाठी गुडघे टेकून गवताच्या बुडाशी पाहावे लागते, आणि नेमके तेच टाळून बहुतेक जण थेट औषधाच्या दुकानाकडे वळतात. म्हणून या लेखात फवारणीपेक्षा ओळखीला आणि तपासणीला जास्त जागा दिली आहे.

नावाविषयी प्रारंभीच सांगितलेले बरे, कारण मराठी वाचकाची येथे गफलत होऊ शकते. या किड्याचा आपल्या चिंचेशी काहीही संबंध नाही. स्पॅनिश भाषेत ढेकणाला ‘चिंचे’ म्हणतात आणि त्यावरून हे नाव पडले. ते सार्थही आहे, कारण हा किडा ढेकूणवर्गीयच असून चिरडला असता तसाच उग्र वास सोडतो. फरक इतकाच की तो माणसाला चावत नाही. त्याचे सारे आयुष्य गवताचा रस शोषण्यात जाते.

आपल्या हिरवळीत कोणते गवत आहे, हे आधी जाणून घ्यावे

चिंच बग हे ब्लिसस या प्रजातीतील कीटक असून हिरवळीच्या दृष्टीने त्यांच्या तीन जाती महत्त्वाच्या आहेत. फ्लोरिडा, मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेली राज्ये आणि टेक्सास या उष्ण प्रदेशांत दक्षिणी चिंच बग आढळतो. त्याचे आवडते खाद्य म्हणजे रुंद पात्याचे, जमिनीवर जाड धावती खोडे पसरवणारे सेंट ऑगस्टीन गवत. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांत केसाळ चिंच बग असतो आणि तो रायग्रास, फेस्क्यू, बेंटग्रास व केंटकी ब्लूग्रास या थंड हवामानातील गवतांवर जगतो. तिसरा, पश्चिमी चिंच बग, नेब्रास्का आणि आसपासच्या मैदानी प्रदेशात बफेलो गवतावर प्रामुख्याने आढळतो. यांचाच एक भाऊबंद गहू, मका, ज्वारी अशा तृणधान्यांचे नुकसान करतो. तो या लेखाचा विषय नाही.

ही सारी गवतकुळातील वनस्पतींवर जगणारी कीड आहे. म्हणून वाळलेल्या डागात क्लोव्हर किंवा रुंद पानांचे तण हिरवेगार उभे असेल आणि त्याच्या अवतीभोवतीचे गवत मात्र मेले असेल, तर संशयाला बळकटी मिळते. पाण्याचा खरोखर तुटवडा असता तर ते तणही बहुधा मलूल झाले असते. बर्म्युडा, म्हणजे आपल्या ओळखीची हरळी, आणि झॉयसिया या गवतांवर दक्षिणी चिंच बग क्वचित आढळतो, पण त्यांचे नुकसान सेंट ऑगस्टीनच्या तुलनेत बरेच कमी असते.

किडा कसा दिसतो

पूर्ण वाढलेला चिंच बग जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर लांब असतो. शरीर काळे, पाठीवर मिटलेले पांढरे पंख, आणि प्रत्येक पंखाच्या बाहेरील कडेवर मध्याच्या सुमारास एक काळा त्रिकोणी ठिपका, ही त्याची खूण आहे. एकाच हिरवळीत काहींचे पंख पोटाच्या टोकापर्यंत पोहोचलेले असतात, तर काहींचे अर्ध्यावरच संपतात. नवख्या माणसाला हे दोन वेगळे किडे वाटतात, परंतु ती एकाच किडीची दोन रूपे आहेत. लांब पंख असूनही हे किडे बहुतांशी चालतच पसरतात, आणि संख्या फार वाढली की फुटपाथ ओलांडून पलीकडच्या हिरवळीकडे जाताना दिसतात.

पिल्ले मात्र अगदी निराळी दिसतात. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू टाचणीच्या माथ्यापेक्षाही लहान आणि केशरी-तांबडे असून त्याच्या पोटावर आडवा पांढरा पट्टा असतो. पाच वेळा कात टाकत ते मोठे होते आणि प्रत्येक अवस्थेत रंग गडद होत शेवटी काळपट होतो. नुकसान करण्यात पिल्ले आणि प्रौढ दोघेही भागीदार असतात. त्यामुळे तपासणीत केवळ काळे-पांढरे किडे शोधून थांबणारा माणूस तांबडी पिल्ले हमखास नजरेआड करतो, आणि संख्येने बहुधा तीच जास्त असतात.

मादी गवताच्या पात्याच्या बुडाशी असलेल्या आवरणात, किंवा खोडे-मुळांच्या वाळलेल्या थरात, रोज थोडी थोडी अशी अनेक आठवडे अंडी घालते. अंडी ते प्रौढ हा प्रवास उन्हाळ्यात साधारण पाच ते आठ आठवड्यांत पुरा होतो. उत्तरेकडे वर्षातून एक किंवा दोन पिढ्या होतात. प्रौढ किडे हिवाळा गवताच्या बुडाशी, कुंपणाच्या झुडपांखाली, पालापाचोळ्यात घालवतात, वसंतात बाहेर पडून अंडी घालतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नुकसान उघड होते. उत्तर फ्लोरिडात वर्षाला तीन-चार पिढ्या, तर दक्षिण फ्लोरिडात सात ते दहापर्यंत पिढ्या होऊ शकतात. तेथे सर्व अवस्थांतील किडे एकाच वेळी आढळतात आणि हिवाळ्याची विश्रांती अशी फारशी नसतेच. म्हणूनच ओंटारिओतील मित्राचे वेळापत्रक मायामीत राहणाऱ्याच्या उपयोगाचे नाही.

पहिली पायरी : डाग कशाचा, याचा निवाडा

चिंच बग गवताच्या बुंध्यात आणि धावत्या खोडात सोंड खुपसून रस शोषतो. त्याच वेळी त्याच्या लाळेमुळे रसवाहिन्या तुंबतात, आणि मुळांना पाणी मिळत असूनही ते पात्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे लक्षणे थेट पाण्याच्या तुटवड्यासारखी दिसतात, आणि माणूस पाणी वाढवत बसतो. डाग बहुतेक वेळा भर उन्हाच्या, लवकर तापणाऱ्या जागी सुरू होतात: फुटपाथ, ड्राइव्हवे किंवा पायाच्या भिंतीलगत, दक्षिणेकडे उतरत्या भागावर, वाळूसर जमिनीत. झाडाच्या दाट सावलीत पडलेला डाग चिंच बगचा असण्याची शक्यता कमी.

पहिली कसोटी पाण्याची. डागाला आणि त्याच्या भोवतालच्या भागाला पाऊण इंच पाणी एकदा नीट द्यावे आणि तीन-चार दिवस थांबावे. तहानलेले गवत टवटवीत होऊ लागते. चिंच बगने पोखरलेले गवत होत नाही.

दुसरी कसोटी हाताची आहे आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटते. डागाच्या कडेचे गवत मुठीत धरून हलकेच वर ओढावे. गालिचा गुंडाळावा तसे ते सहज उचलले गेले आणि खालून पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या निघाल्या, तर ती हुमणी आहे. हुमणी मुळे कुरतडते, म्हणून गवताची जमिनीवरची पकड सुटते. चिंच बग मुळे खात नाही, त्यामुळे त्याने मारलेले गवतही जमिनीला घट्ट धरून असते. एकेक पाते ओढल्यावर ते बुडाशी तपकिरी, कुजलेले, ओलसर निघत असेल तर बुरशीचा रोग संभवतो आणि त्यावर कीटकनाशकाचा काडीचाही उपयोग होणार नाही. मध्ये वाळलेला ठिपका आणि भोवती गर्द हिरवे कडे असेल, तर ते बहुतेक वेळा कुत्र्याच्या लघवीचे काम असते.

या कसोट्यांनी संशय वाढतो किंवा कमी होतो, खात्री मात्र होत नाही. खात्री किडा डोळ्यांनी पाहिल्यावरच होते.

दुसरी पायरी : किडा शोधणे

कोठे शोधावे, यात निम्मे यश आहे. पूर्ण वाळलेल्या मध्यभागात किडे सापडत नाहीत, कारण तेथील रस संपल्यावर ते पुढे निघून गेलेले असतात. निरोगी, गर्द हिरव्या भागातही ते विरळच असतात. पिवळे आणि हिरवे गवत जेथे मिळते त्या सीमेवर त्यांचा जमाव असतो. दुपारी, ऊन असताना, तेथे गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही हातांनी गवत दोन बाजूंना सारून जमिनीपर्यंतचा थर उघडा करावा. मग हात न हलवता मिनिटभर नुसते पाहत राहावे. किडे प्रकाशापासून पळून पुन्हा थरात शिरू लागतात आणि त्यांच्या हालचालीवरूनच ते लक्षात येतात. सेंट ऑगस्टीन गवतात धावत्या खोडावरील जुनी, सैल पाने सोलून त्यांच्या आतही पाहावे. अशा पाच-सहा जागा तपासल्याशिवाय ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

संख्या मोजण्यासाठी पाण्यावर तरंगवण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्यावा आणि त्याची दोन्ही तोंडे कापून मोकळी करावी. कापलेल्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत. डागाच्या सीमेवर हा डबा फिरवत फिरवत दोन-तीन इंच जमिनीत रुतवावा. जमीन कडक असेल तर आधी सुरीने गोल चर पाडून घ्यावी. मग डबा पाण्याने भरावा आणि पाणी झिरपत जाईल तसे आणखी ओतत पातळी गवताच्या वर राखावी. पाच ते दहा मिनिटांत किडे आणि पिल्ले तरंगून पृष्ठभागावर येतात. काडीने गवत थोडे ढवळले तर अडकलेलेही सुटतात. घाई करून दोन मिनिटांत डबा उचलू नये, कारण काही किडे बरेच उशिरा वर येतात.

एवढ्या डब्याचे क्षेत्रफळ चौरस फुटाच्या सुमारे एकपंचमांश भरते. म्हणून डब्यात मोजलेल्या संख्येला पाचाने गुणले की दर चौरस फुटातील अंदाज मिळतो. तीन-चार जागी मोजून सरासरी काढावी. पिल्ले आणि प्रौढ दोन्ही मोजावेत.

डबा रुतवण्याजोगी जमीन नसेल तर साबणाच्या पाण्याची रीत आहे. दोन मोठे चमचे भांडी घासण्याचा द्रव साबण सात-आठ लिटर पाण्यात मिसळून एक-दोन चौरस फूट जागेवर झारीने ओतावा आणि त्यावर पांढरे फ्लॅनेलचे कापड अंथरावे. साबणामुळे अस्वस्थ झालेले किडे वर चढतात आणि त्यांचे पाय कापडाच्या लवेत अडकतात. दहा-पंधरा मिनिटांनी कापड उलटून मोजणी करावी आणि ती जागा साध्या पाण्याने धुऊन काढावी, म्हणजे साबणाचा गवताला त्रास होत नाही.

तिसरी पायरी : शत्रू आणि मित्र वेगळे करणे

ही पायरी वगळल्यामुळे पुष्कळ निरुपद्रवी हिरवळींवर विष फवारले जाते. चिंच बगच्या जोडीने त्याच आकाराचा आणखी एक ढेकूणवर्गीय कीटक गवतात फिरत असतो, त्याचे नाव मोठ्या डोळ्यांचा ढेकूण, शास्त्रीय भाषेत जिओकॉरिस. तो चिंच बगची पिल्ले आणि अंडी खातो. त्याचे डोके शरीराइतकेच रुंद असते, दोन्ही बाजूंना मोठे डोळे बाहेर आलेले दिसतात, आणि तो चपळ असतो. चिंच बगचे डोके मात्र लहान आणि टोकदार असून त्याचे शरीर अधिक सडपातळ असते. साध्या भिंगातून हा फरक सहज कळतो, आणि भिंग या कामासाठी विकत घेण्यासारखी पहिली वस्तू आहे.

डब्यात आठ-दहा मोठ्या डोळ्यांचे ढेकूण आणि दोनच चिंच बग सापडले, तर समजावे की बंदोबस्ताचे काम आधीच कोणीतरी करत आहे. भुईभुंगेरे, कोळी, मुंग्या आणि काही जातींच्या कातरकिड्यांचाही या कामात हातभार असतो. चिंच बगच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशीही आहे. शिवाय ओलावा टिकून राहिला तर बिव्हेरिया बॅसियाना ही मित्रबुरशी किड्यांना ग्रासते आणि त्यांच्या अंगावर पांढरी लव दिसते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हे नाव परिचित असेल, कारण तेथेही ती जैविक कीटकनाशक म्हणून वापरली जाते. सारी हिरवळ दर महिन्याला ठरल्या दिवशी फवारण्याची सवय मला म्हणूनच चुकीची वाटते. अशा फवारणीने मित्रकीटक आधी मरतात, आणि अंड्यांतून निघणाऱ्या पुढच्या पिलांना अडवणारे कोणी उरत नाही.

चौथी पायरी : उपाय करायचा की थांबायचे

दर चौरस फुटाला साधारण २० ते २५ चिंच बग, म्हणजे वर सांगितलेल्या डब्यात चार-पाच, ही उपायाची पातळी मानली जाते. उत्तरेकडील केसाळ जातीसाठी काही मार्गदर्शक १५ पासूनच सावध व्हायला सांगतात. हा आकडा ताठरपणे वापरू नये. जोमदार, पुरेसे पाणी मिळालेले गवत त्याहून जास्त किडे सोसते, आणि कडक उन्हात सुकलेले गवत त्याहून कमी किड्यांनीही कोलमडते. संख्या पातळीखाली असेल तर औषध न वापरता पाण्याची सोय सुधारावी आणि आठवड्याने पुन्हा मोजावे. उत्तरेकडे ऑगस्ट संपत आला असेल आणि बहुतेक किडे प्रौढ झाले असतील, तर मोठे नुकसान होऊन गेलेले असते. अशा वेळी फवारणीपेक्षा गवत दुरुस्त करण्यावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

पाचवी पायरी : मूळ कारणावर काम

चिंच बगला तीन गोष्टी मानवतात: गवताच्या बुडाशी साचलेला जाड थर, कोरडी उष्णता आणि नत्रामुळे आलेली लुसलुशीत वाढ. यांतील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

हिरवे पाते आणि माती यांच्या मध्ये मेलेली-जिवंत खोडे आणि मुळे यांचा जो स्पंजासारखा थर साचतो, त्याला थॅच म्हणतात. त्यात किड्यांना आसरा मिळतो, हिवाळ्यात ऊब मिळते, आणि वरून दिलेले औषध व पाणी तेथेच अडकून राहते. सुरीने केकसारखा त्रिकोणी तुकडा कापून हा थर पट्टीने मोजावा. अर्ध्या इंचापर्यंतचा थर चालतो, उलट तो ओलावा राखतो. पाऊण इंचाच्या पुढे गेला तर तो कमी करायला हवा. थंड हवामानातील गवतातून हा थर दातेरी यंत्राने, शरद ऋतूच्या सुरुवातीला, गवत पुन्हा जोमाने वाढण्याच्या काळात उकरून काढावा. सेंट ऑगस्टीन गवतात मात्र फार जपून वागावे लागते, कारण दातेरी यंत्र थरासोबत धावती खोडेही उपटून टाकते आणि हिरवळच नाहीशी होते. तेथे पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीच्या गुळ्या काढून जमीन भुसभुशीत करणे आणि खताचे प्रमाण आवरणे हा सुरक्षित मार्ग आहे. कापलेल्या पात्यांचा चुरा हिरवळीवर तसाच सोडल्याने थॅच वाढतो असा समज आहे, पण तो बरोबर नाही. कोवळ्या पात्यांचा चुरा लवकर कुजतो आणि थोडे नत्रही परत देतो.

पाणी रोज थोडे शिंपडण्यापेक्षा गरज दिसल्यावर खोलवर द्यावे. पाती लांबीत दुमडू लागली, निळसर-करडी छटा आली, आणि चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहिले, की गवताला तहान लागली आहे असे समजावे आणि एका वेळी अर्धा ते पाऊण इंच पाणी द्यावे. स्प्रिंकलरच्या टप्प्यात उभ्या काठांचे तीन-चार सपाट डबे ठेवून पाणी किती वेळात किती साचते ते एकदा मोजून ठेवावे. फुटपाथच्या कडेला स्प्रिंकलरचे पाणी पोहोचत नाही, असे या मोजणीत बहुधा आढळते, आणि पहिला डागही तेथेच पडतो. पाण्याने चिंच बग मरत नाही, परंतु गवत त्याचा मार सोसू शकते आणि मित्रबुरशीला अनुकूल ओलावा मिळतो.

खतात विद्राव्य, झटपट लागू होणारे नत्र एकदम जास्त देऊ नये. अशा खताने आलेल्या कोवळ्या वाढीवर मादी जास्त अंडी घालते, पिल्ले लवकर वाढतात आणि थॅचही भराभर साचतो. हळूहळू विरघळणारे खत मातीच्या परीक्षणानुसार द्यावे. फ्लोरिडातील अनेक काउंटी आणि शहरांत १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळी काळात नत्र व स्फुरदयुक्त खत घालण्यास मनाई असते, हेही तपासून घ्यावे.

कापणीची उंची सेंट ऑगस्टीनच्या नेहमीच्या जातींसाठी साडेतीन ते चार इंच, बुटक्या जातींसाठी दोन ते अडीच इंच, आणि उत्तरेकडील गवतांसाठी अडीच ते तीन इंच किंवा किंचित अधिक ठेवावी. एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापू नये. अनेक घरांची हिरवळ एकच यंत्र कापत असेल तर त्याला चिकटलेल्या गवतासोबत किडेही येऊ शकतात, म्हणून आपल्या हिरवळीत येण्याआधी ते झाडून घ्यायला सांगावे.

सहावी पायरी : औषध, आणि तेही बेताने

संख्या पातळीच्या वर गेल्यावर आणि डाग पसरत असताना कीटकनाशकाची गरज पडू शकते. पिल्ले लहान असतानाची फवारणी सर्वांत परिणामकारक होते. साऱ्या हिरवळीवर औषध न टाकता डाग आणि त्याभोवतीचा सुमारे पाच फुटांचा निरोगी पट्टा एवढ्यावरच ते द्यावे. किडे बुडाशी असल्यामुळे द्रव औषध भरपूर पाण्यातून, थॅचच्या आतपर्यंत उतरेल असे द्यावे लागते. नुसती पाती ओली करणाऱ्या बारीक फवाऱ्याने काम होत नाही. दाणेदार औषध असेल तर ते पसरल्यावर लेबलवर सांगितले असेल त्याप्रमाणे हलके पाणी द्यावे.

दुकानांत मिळणाऱ्या औषधांत बायफेन्थ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातील आणि इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन यांसारखी निओनिकोटिनॉइड गटातील नावे दिसतील. डब्यावरची मोठी छापील नावे निराळी असली तरी आतील घटक एकच असू शकतो. म्हणून वाचायचे असते ते घटकाचे नाव आणि त्याचा गटक्रमांक, म्हणजे औषध किड्यावर कसे काम करते त्यानुसार दिलेला क्रमांक. पायरेथ्रॉइडसाठी तो ३ए आणि निओनिकोटिनॉइडसाठी ४ए असतो. दक्षिणी चिंच बग औषधांना दाद न देण्याबाबत कुप्रसिद्ध आहे. डीडीटी, नंतर ऑर्गॅनोफॉस्फेट आणि एकविसाव्या शतकात फ्लोरिडात बायफेन्थ्रिन, अशा एकामागून एक औषधांना त्याच्या काही टोळ्या पुरून उरल्या. त्यामुळे पहिल्या फवारणीने किडे मेले नाहीत तर तेच औषध दुप्पट मात्रेत देणे ही मोठी चूक ठरते. गट बदलावा.

लेबलवरील मात्रा ही शिफारस नसून अमेरिकेत ती कायद्याने बंधनकारक आहे. कॅनडात नियम आणखी कडक आहेत. क्युबेकमध्ये २००३ पासून आणि ओंटारिओमध्ये २००९ पासून, केवळ शोभेसाठी हिरवळीवर बहुतेक पारंपरिक कीटकनाशके वापरण्यावर निर्बंध आहेत. अमेरिकेतील काही राज्यांनीही निओनिकोटिनॉइडच्या घरगुती वापरावर बंधने घातली आहेत. हिरवळीत क्लोव्हर फुललेले असेल तर आधी कापणी करून फुले काढावीत, कारण या दोन्ही गटांतील औषधे मधमाश्यांना मारक आहेत. पायरेथ्रॉइड मधमाश्यांप्रमाणेच पाण्यातील माशांनाही अत्यंत घातक असतात. मोठ्या पावसाचा अंदाज असताना, वारा असताना किंवा गटाराच्या तोंडाजवळ फवारणी करू नये, आणि फुटपाथवर सांडलेले दाणे झाडून पुन्हा हिरवळीत टाकावेत. जागा पूर्ण सुकेपर्यंत मुले आणि पाळीव प्राणी तिकडे जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

या औषधांनी अंडी सहसा मरत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी त्याच सीमेवर डबा रुतवून पुन्हा मोजावे, आणि संख्या पुन्हा पातळीच्या वर असेल तरच दुसरा हात द्यावा. डाग अगदी लहान, परातीएवढा असेल, तर साबणाच्या पाण्याने किडे कापडावर चढवून ते कापडच साबणाच्या बादलीत बुडवणे हा बिनविषारी उपाय काही दिवस चिकाटीने करून पाहण्याजोगा आहे.

सातवी पायरी : मेलेला भाग भरून काढणे

पूर्ण तपकिरी झालेले, बुंध्यापर्यंत वाळलेले गवत परत फुटत नाही. ते दाताळ्याने खरवडून काढावे, परंतु नवे गवत लावण्याआधी कडेची मोजणी करून किडे पातळीखाली आले आहेत याची खात्री करावी. नाहीतर नव्या कोवळ्या गवतावर तेच पुन्हा तुटून पडतात.

उत्तरेकडे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बी पेरावे आणि बी निवडताना एंडोफाइटयुक्त वाण मागावा. एंडोफाइट म्हणजे गवताच्या आत त्याला इजा न करता राहणारी बुरशी. ती जी अल्कलॉइड द्रव्ये तयार करते त्यांमुळे चिंच बगला ते गवत खाववत नाही. टॉल फेस्क्यू, फाइन फेस्क्यू आणि पेरेनियल रायग्रास यांत असे वाण मिळतात, केंटकी ब्लूग्रासमध्ये मिळत नाहीत. ही बुरशी जिवंत असल्याने उबदार जागी साठवलेल्या जुन्या बियांत ती मरून जाते, म्हणून त्याच वर्षीचे, थंड जागी ठेवलेले बी घ्यावे. हीच द्रव्ये गुराघोड्यांना बाधतात, तेव्हा जनावरे चरतात तेथे असे गवत पेरू नये.

दक्षिणेकडे सेंट ऑगस्टीनचे तयार गालिचे किंवा मुळांसकटचे तुकडे लावावे लागतात. फ्लोरिडा आणि टेक्सास येथील विद्यापीठांनी मिळून १९७३ मध्ये ‘फ्लोराटॅम’ हा वाण प्रसारित केला आणि चिंच बगला तोंड देणारा म्हणून तो घरोघरी पोहोचला. पण १९८५ पासून फ्लोरिडात त्यावरही जगणारे किडे आढळू लागले, त्यामुळे केवळ ते नाव ऐकून निर्धास्त राहू नये. फ्लोरिडा विद्यापीठाने नंतर आणलेला बुटका ‘कॅप्टिव्हा’ वाण किडीचा मार काही अंशी सोसतो. जेथे दर वर्षी डाग पडतच आहेत, अशा फुटपाथलगतच्या कडेला सेंट ऑगस्टीनचा हट्ट सोडून झॉयसिया किंवा गवतेतर जमीनव्यापी वनस्पती लावणे मला जास्त व्यवहार्य वाटते.

नवे गवत धरल्यावर डाग कोठे पडले होते त्याचा साधा नकाशा कागदावर काढून ठेवावा. हिवाळा काढलेले प्रौढ त्याच जागांच्या आसपास असतात. उत्तरेकडे मेच्या अखेरीपासून दर आठवड्याला, आणि उष्ण प्रदेशात मार्चपासूनच दर पंधरा दिवसांनी, डबा सर्वांत आधी त्या खुणांवर रुतवावा.